मुठीतल्या सरक्या

आमच्या दवाखान्यात इनायतभाई रक्त काढायला बसले की रडकी माणसंही गप्प व्हायची, आणि मी नुसती शेजारून गेले तरी गप्प बसलेली रडायला लागायची. मी मानसोपचाराची डॉक्टर, कुंदा माझं नाव. वडील अमरावतीच्या कोर्टात वकील होते, त्यामुळे समोरच्याला उलटतपासणीला घेतल्यासारखं बोलायची खोड मला घरातूनच लागली. इनायतभाईंचं तसं नव्हतं. शेख इनायतुल्ला, लॅब टेक्निशियन, राहणार बडनेरा, वीस वर्षांची नोकरी, आणि आवाज असा की आता सुई टोचणार आहे हे त्यांच्या तोंडून ऐकूनही माणसाला बरं वाटावं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कापूस असायचा. दवाखान्यातला बोळा नव्हे, शेतातला, सरकीसकट. त्यांचे वडील अकोटला कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि घर अजून तिथेच होतं. अकोटला गेले की ते मूठभर कापूस पुडीत बांधून आणायचे, आणि ती पुडी महिनाभर पुरायची. आमच्या वॉर्डातला एखादा पेशंट सुई पाहून थरथरायला लागला की इनायतभाई दंडाला रबरी पट्टा बांधायचे आणि त्याच्या हातात कापसाची एक पाकळी द्यायचे.

"घ्या भाऊ. मूठ आवळा, सोडा. आवळा, सोडा. अन् आतमंदी सरक्या किती हायेत ते सांगा मले. पाहू नोका बरं, दाबून दाबून मोजा."

माणूस मोजायला लागायचा. पाच, सहा, सात म्हणेपर्यंत नळी भरलेली असायची. "सात? बराबर! हुशार हाय तुमी," असं म्हणून इनायतभाई सुई काढायचे. ज्याला घरात कोणी दहा वर्षांत हुशार म्हटलं नव्हतं, असा माणूस हसत उठायचा. मी एकदा विचारलं, "इनायतभाई, खरंच तेवढ्याच असतात का हो?"

"काय मालूम मॅडम," ते म्हणाले, "मी कधी मोजल्याच नाई."

ही गोष्ट २००६-०७ सालची. वऱ्हाडातल्या गावागावांतून तेव्हा वाईट बातम्या येत होत्या, आणि ज्या मानसोपचार विभागाला तोवर जिन्याखालची खोली पुरायची त्याला अचानक भाव आला होता. मुंबईहून साहेबलोक यायचे, "किती तपासले?" विचारायचे, आकडा लिहून घ्यायचे, संत्री खायचे आणि गाडीत बसायचे. त्यांच्या कागदावर ताण आणि व्यसन असे दोनच रकाने होते. माझ्या ओपीडीत येणारी बायपोलरची माणसं त्या दोन्हींत बसत नव्हती. या आजारात माणूस कधी महिनाभर उधाणलेला असतो, झोप नाही, थकवा नाही, जग मुठीत आल्यासारखा. आणि मग कधी असा विझतो की पाण्याचा पेला उचलणंही होत नाही. उधाणात असला की लोक म्हणतात, माजलाय. विझला की म्हणतात, आळशी आहे. आजारी आहे असं म्हणणारा विरळाच.

त्या सुमारास जगात एक नवं बोलणं सुरू झालं होतं. हा आजार नुसता मनाचा नसावा. अशा रोग्यांच्या रक्तात सूज दाखवणारी द्रव्यं थोडी जास्त सापडतात, शरीरात कुठेतरी धग असल्यासारखी. आणि आपल्या पेशींमध्ये ज्या बारीक भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना, अन्नाची शक्ती करणाऱ्या, त्या या लोकांत नीट चालत नसाव्यात. भट्टी नीट चालली नाही की रक्तात लॅक्टेट नावाचं द्रव्य साचतं, आणि ते मोजता येतं. हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. चाळीस रोगी आणि चाळीस निरोगी माणसं घेऊन मी अभ्यास काढला. निरोगी म्हणजे रोग्यांचे नातलग आणि आमचाच स्टाफ. रक्त इनायतभाईंनी काढायचं, आणि बर्फाच्या डब्यातून नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायचंही त्यांनीच.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते नळी हातात धरून ऐकत होते.

"एका पेशीमंदी किती भट्ट्या असतीन मॅडम?"

"शेकडो. काहींत हजारावर."

"अन् अशा पेशी?"

"मोजता येणार नाहीत इतक्या. फक्त रक्तातल्या या लाल पेशींत एकही नसते."

त्यांनी नळी खिडकीच्या उजेडाकडे नेली. "म्हंजे हे बिचारी साऱ्यायच्या घरी हवा पोचवते, अन् सोताच्या घरी चूलच नाई?" बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. "सुभानल्ला. वीस वर्सं झाले हे काढून राहिलो मी, अन् हे मालूमच नोयतं."

मला एमडी होऊन बारा वर्षं झाली होती. मला ते माहीत होतं, पण एकदाही नवल वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

काम सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, हे नळी येगळी हाय. काढाची रीत येगळी हाय का काही?" मी फायलीत डोकं घालून होते. "रोजच्यासारखंच काढा हो," मी म्हणाले. सूचनांचा कागद ड्रॉवरमध्ये होता, दुसरं पान मी उलटलंच नव्हतं.

रोगी नंबर सतरा त्यांचा धाकटा भाऊ होता. इमाद. अकोटला पाण्याच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार भरून, म्हणजे वायंडिंग करून, द्यायचं त्याचं दुकान. त्या वर्षांत भारनियमन इतकं की वीज आली तरी अर्ध्या जोराची यायची, विहिरीवरच्या मोटारी पटापट जळायच्या आणि इमादच्या दारात त्यांची रांग लागायची. उधाणात असला की तो एकटा वीस-वीस मोटारी भरून द्यायचा. विझला की दुकानाचं शटर महिना महिना खाली. दोन वर्षांपूर्वी लोकांनी त्याला विहिरीच्या काठावरून धरून आणला होता. गोळ्या तो चार दिवस घ्यायचा आणि सोडायचा. कारण मला नंतर कळलं. आमच्या पेशंटांना "हुशार हाय तुमी" म्हणणारे इनायतभाई घरी सख्ख्या भावाला म्हणायचे, "तुले काही झालं नाई. तुया हाडात आळस हाय." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि इमादला वाटायचं, भाईजान दवाखान्यात आहे, त्याला कळत असणार, म्हणजे मी आळशीच. आळसावर गोळी कशाला?

नागपूरहून आकडे आले तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. रोग्यांचं लॅक्टेट निरोग्यांच्या जवळजवळ दुप्पट! सूज दाखवणारं सीआरपीही थोडं वर होतं, पण लॅक्टेटपुढे मला त्याचं काही वाटलं नाही. मी टेबलावर हात आपटून कंपाउंडरला पेढे आणायला पाठवलं. इनायतभाईंनी पेढा घेतला नाही. त्यांनी हळूच विचारलं, "सतरा नंबर किती हाय?"

सतरा नंबर सगळ्यांत वरच्या पाचांत होता.

ते तिथेच स्टुलावर बसले. "मंग तो खरंच उठू शकत नोयता," ते म्हणाले. "मी त्याले लाथ मारून उठवला होता एक डाव, मॅडम." आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. समोरच्याला रडवायची मला सवय आहे, पण हे माझ्यामुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते दर्यापूरमार्गे अकोटला गेले. इमादच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "मले माफ कर. मी पाह्यलं तुयं रक्त." इमादनेच मला हे सांगितलं, पुढच्या महिन्यात ओपीडीत आला तेव्हा. तो आता नियमाने येत होता, गोळ्या घेत होता. मी त्याला भट्ट्या आणि धग समजावली, तसा तो हसला.

"हे त आमचंच काम झालं, मॅडम. लोकायले वाटते, व्होल्टेज कमी आलं का मोटर थंडी पडत असंन. थंडी नाई पडत. कमी व्होल्टेजात तेवढंच वजन ओढाले जाते, अन् तापते. आतून तापते. बाहेरून हात लावा त काहीच समजत नाई, अन् आतमंदी वायंडिंग काळी पडली राह्यते."

शक्ती कमी आणि धग जास्त, ही दोन टोकं एकत्र कशी बसतात यावर मी वर्षभर शोधनिबंध वाचत होते. याने ते पान्ह्याने नट फिरवावा इतक्या सहज बसवून दिलं.

तीन महिने असे सुखाचे गेले. माझा निबंध तयार होत होता, इमादचं शटर वर होतं. मग एका सकाळी इनायतभाई माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, हे पाहा. निरोग्यायच्या यादीत एकतीस नंबर. साऱ्यायचं खाली हाय, याचंच वर."

"असेल एखादं. अशी एखादी चूक निघतेच."

"हे जाईबाई हाय. आपली झाडूवाली. तिले सुईची भल्ली भीती. निरोग्यायपैकी तिलेच मी कापूस देल्ला होता."

मला कळेना. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. मागच्या डब्यातून त्यांनी स्वतःच्याच रक्ताच्या दोन नळ्या नागपूरला पाठवल्या होत्या, एक्क्याण्णव आणि ब्याण्णव नंबर टाकून. एक हात उघडा ठेवून, पट्टा न बांधता काढलेली. दुसरी पट्टा बांधून, सरक्या मोजत मोजत. एकाच माणसाचं, एकाच वेळचं रक्त. पहिली नळी निरोगी होती आणि दुसरी आमच्या रोग्यांसारखी.

मी ड्रॉवर उघडून सूचनांचा कागद काढला. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत: पट्टा टाळावा, मूठ आवळायला सांगू नये, स्नायू राबला की लॅक्टेट वाढतं. निरोगी माणसं घाबरत नव्हती, म्हणून इनायतभाईंनी त्यांचं रक्त पटकन काढलं होतं. घाबरायचे ते रोगी. त्यांनाच पट्टा, त्यांनाच कापूस, त्यांनाच आवळा-सोडा. आम्ही भट्टी मोजलीच नव्हती. इनायतभाईंची माया मोजली होती.

"चूक मायी हाय," ते म्हणाले.

"चूक माझी आहे," मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही विचारलं होतं. मी 'रोजच्यासारखंच' म्हणाले."

मग मला जे सुचलं ते मी बोलले, आणि आजही ते आठवलं की मान खाली जाते. "निबंध मी फाडते. सगळ्यांचं पुन्हा काढू. पण इमादला सांगू नका. तो गोळ्या घेतोय. त्याला तो आकडा लागतो. विहीर आठवते ना?"

"आठवते. पह्यले त्याचं बराबर रक्त काढू मॅडम. मंग पाहू," ते म्हणाले.

पुढचे चार महिने आम्ही सगळे ऐंशी पुन्हा बोलावले. अर्धा तास पडून राहायचं, पट्टा नाही, मूठ नाही. पण घाबरणाऱ्यांचं काय करायचं? इनायतभाईंनी वाट काढली. कापसाची पाकळी ते आता उघड्या तळहातावर ठेवायचे. "हात ढिला सोडा भाऊ. दाबू नोका. नुसतं पाहा, अन् अंदाजानं सांगा, आतमंदी किती सरक्या असतीन." भेदरलेला माणूस आपल्याच तळहाताकडे टक लावून बघायचा, पाहुणी आलेली चिमणी बघावी तसा. पट्ट्याशिवाय नस सापडणं महाकठीण, पण त्यांना सापडायची. मी रोज जाऊन उभी राहायचे, आणि कोणी रडलं नाही.

नवे आकडे आले. दुपटीचा डोंगर गेला होता. उरलं होतं ते नखाएवढं: रोग्यांची सरासरी निरोग्यांहून किंचित वर, लॅक्टेटची आणि सीआरपीचीही. तो फरक खरा असेल, तंबाखूचा असेल, किडक्या दातांचाही असेल. आणि एकेका माणसाकडे पाहिलं तर काहीच सांगता येत नव्हतं. कित्येक रोगी निरोग्यांहून बरे दिसत होते.

सतरा नंबर त्यांतलाच. इमादचं रक्त माझ्या रक्तापेक्षाही चांगलं निघालं.

मी कागद इनायतभाईंपुढे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि कापसाच्या खिशात ठेवला. "उद्या अकोटले जातो," ते म्हणाले.

"इनायतभाई, मी पाया पडते. काय सांगणार त्याला? की आता तुझं रक्त चांगलं आहे?"

"मॅडम, आकड्यावर उभा केलेला माणूस आकड्यासंगच पडंन. आज मी लपवलं अन् उद्या कोन्या लॅबवाल्यानं सांगतलं त? मंग मायावरही भरोसा नाई राह्यणार त्याचा."

मी त्यांच्याबरोबर निघाले. चूक माझी होती, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एसटीत मी खिडकीशी बसले. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं, कपाशीच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या.

इमाद दुकानात खाली बसून तांब्याच्या तारेचे वेढे बसवत होता. दोन्ही भाऊ आपसात बरेचदा उर्दूत बोलायचे. त्या दिवशी मी होते म्हणून असेल, इनायतभाई वऱ्हाडीत बोलले, उभ्यानेच, एका दमात. कापूस, मूठ, जाईबाई, दोन नळ्या, सगळं. शेवटी खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. "हे खरं हाय. तुया रक्तात काही नाई निंगालं. पह्यला आकडा खोटा होता. माया हातानं झालता."

इमादचे हात थांबले. तार सैल होऊन वेढे सुटले. त्याने कागद घेतला नाही.

"म्हंजे मी आळशीच," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

मी पुढे झाले. सरासरी म्हणजे काय, एका माणसाचा आकडा म्हणजे काय, आपली यंत्रं अजून किती ढोबळ आहेत, सगळं बोलायला तोंड उघडलं. इनायतभाईंनी हात वर करून मला थांबवलं. पंचावन्न वर्षांचा तो माणूस त्या तारांच्या तुकड्यांत, वार्निशच्या डागांत, मांडी घालून धाकट्या भावासमोर बसला.

"इमाद, आयक. तवा मी माफी मांगतली, ते आकडा पाहून मांगतली होती. आकडा नसता निंगाला त मांगतलीच नसती. हे बी मायी चूक." त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "आज आकडा नाई. आज मी बिगर-आकड्याची मांगून राहिलो. तू उठू शकत नोयता. तू सांगतलं होतं मले. पंधरा वर्सं सांगून राहिलता. तेवढंच बस होतं."

मी रक्ताची, पेशींची, भट्ट्यांची केवढी नवलं वाचली होती. पण माणूस माणसाच्या नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवतो, हे नवल मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

इमादने बाजूची एक मोटार ओढली, तिला मीटर लावलं आणि माझ्याकडे वळवलं. काटा निरोगी जागी होता.

"पाहा मॅडम. मीटर म्हणते चांगली हाय. पन शेतात नेली का अर्ध्या घंट्यात बंद पडते. मी का त्या कास्तकाराले म्हनू, तू झूट बोलून राहिला?" त्याने मीटर काढून ठेवलं. "मी म्हन्तो, ठेवून जा. पाहू."

मग त्याने कनवटीची गोळ्यांची पट्टी काढली, दुपारची गोळी तोंडात टाकली, आणि पाण्याचा तांब्या भावाने पुढे करायची वाट पाहत हात तसाच धरला. इनायतभाईंनी तांब्या उचलला. त्यांचा हात इतका थरथरत होता की इमादने घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्याच खिशातला कापूस काढून त्यांच्या उघड्या तळहातावर ठेवला.

"दाबू नोको भाईजान," तो म्हणाला. "नुसतं पाहा."